ओसरीवरचं गोणपाट

निवृत्त माणसाला भेटेल तो विचारतो, "मग गुरुजी, वेळ कसा जातो?" माझा वेळ मागे जातो. आठवड्यातले तीन-चार दिवस मी धोतर नेसतो, बंद गळ्याचा कोट चढवतो, काळी टोपी घालतो, निरगुडीची छडी बगलेत मारतो आणि सकाळी अकराला लोखंडी टोलावर ठोके देऊन शंभर वर्षांपूर्वीच्या वर्गात शिरतो. पाऊण तासानं पुन्हा टोल पडला की आजच्या काळात परत येतो आणि चहा पितो. चौतीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत खरं शिकवलं, तेव्हा कुणी माझा एक फोटो काढला नाही. आता खोटं शिकवतो, तर रोज ढिगानं निघतात.

पोलादपूर सोडून कशेडीकडे निघालं की घाट लागायच्या आधी आमच्या गावचा फाटा आहे. गावातली शाळा जुनी, लोकल बोर्डाच्या काळातली. दगडी जोतं, कौलारू छप्पर, पुढे लांबलचक ओसरी. पट कमी होत होत दोन मुलांवर आला, मग शाळा बंद झाली. इमारतीवर 'धोकादायक' अशी पाटी लागली. ती पाडण्यापेक्षा तिचा काहीतरी उपयोग करू, असं गावच्या मंडळाला वाटलं आणि तिथे जुनी शाळा उभी करायचं ठरलं. महाबळेश्वरहून उतरून रायगडाकडे जाणाऱ्या सहली थोडी वाट वाकडी करून इथे येतात, पाऊण तास आपल्या पणजोबांच्या वर्गात बसतात आणि मग पाचाडला जेवायला जातात. मास्तर म्हणून मला उभं केलं, कारण धोतर नेसता येणारा गावात मीच एकटा उरलो होतो.

धंदा दिसतो तितका सोपा नाही. आधी सगळ्यांच्या चपला बाहेर. मोबाइल पेटीत. मग मी एक पितळी डबा फिरवतो. त्यात चिठ्ठ्या असतात आणि प्रत्येक चिठ्ठीवर एक नाव. ही नावं मनची नाहीत. शाळेच्या माळ्यावर आम्हाला एक जुनं दाखल-रजिस्टर सापडलं, वाळवीनं कडा खाल्लेलं, पण आतली शाई जशीच्या तशी. त्यातल्या एका वर्षाच्या मुलांची नावं या चिठ्ठ्यांवर आहेत. ज्याला जी चिठ्ठी आली, ते त्याचं त्या तासापुरतं नाव. मी हजेरी घेतो, नखं तपासतो, पाटीवर बाराखडी गिरवून घेतो, आणि मग पाढे. साधे नव्हेत, पावकी, निमकी, दिडकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. इथे भले भले गार होतात.

आणि एक नियम, माझा स्वतःचा. पहिला टोल पडल्यापासून दुसरा टोल पडेपर्यंत कुणीही आजचा माणूस नाही. मी तर नाहीच. हसायचं नाही, खुलासा करायचा नाही, मध्येच 'अहो, हे नाटक आहे' म्हणायचं नाही. टोल पडला की ज्याचं त्याचं नाव ज्याला त्याला परत. हा नियम मी चार वर्षं एकदाही मोडला नव्हता. मला त्याचा गर्व होता, आणि गर्वाचं घर कुठे असतं ते पुढे येईलच.

गिऱ्हाइकं एकेक नग. पुण्याच्या एका कंपनीचे मोठे साहेब चाळीस माणसांना घेऊन आले होते. त्यांना मी पाच औटकं विचारलं. ते म्हणाले, "सोळा." मी म्हटलं, "अंगठे धरा." पोट सांभाळत बिचाऱ्यांनी धरले. टोल पडल्यावर मला वाटलं, आता तक्रार येणार. तर ते हात हातात घेऊन म्हणाले, "गुरुजी, दहा वर्षांत मला तोंडावर चूक असं कुणी म्हटलं नव्हतं." महाडचे एक चाचा नातवंडांना घेऊन आले होते. तीस वर्षं कुवेतला क्रेन चालवलेला माणूस. नातवंडांना काही येईना, तसे हे मागून उभे राहिले आणि सगळी औटकी एका दमात म्हणून मोकळे झाले. "सात औटकं साडेचोवीस, मास्तर! अजून विचारा की!" मी विचारत गेलो, ते सांगत गेले, आणि शेवटी लहान पोरासारखे रडले. त्यांना पाढे शिकवणारा मास्तर वारला तेव्हा ते तिकडे होते, मातीला येता आलं नव्हतं.

मुंबईच्या एका पोरानं मात्र मला इंगा दाखवला. दहाव्याच मिनिटाला कंटाळून ते ओसरीवर गेलं आणि टोल बडवून आलं. नियम म्हणजे नियम. वर्ग सुटला! तेव्हापासून टोल, म्हणजे तो रुळाचा तुकडा, मी ओसरीच्या वाशाला पोरांचा हात पोचणार नाही इतका उंच टांगला. ठोके द्यायचा दांडा शेजारच्या खांबाला तारेनं लटकवला.

आता त्या गोणपाटाबद्दल.

रजिस्टरात माझ्या आजोबांचं नाव आहे. त्यांच्या खाली दोन नावं सोडून लक्ष्मण राघू असं एक नाव आहे. त्याच्या जातीच्या रकान्यात काय लिहिलं आहे ते मी इथे पुन्हा लिहीत नाही, वाचणाऱ्याला कळतं. शेऱ्याच्या रकान्यात त्या वेळच्या मास्तरांनी सुरेख अक्षरात लिहिलंय, 'हुशार. बाहेर बसतो.' पुढच्या वर्षी त्याच नावापुढे, 'नाव कमी केले.' कारण दिलेलं नाही.

वर्ग मांडताना मी मंडळात म्हटलं, दाराबाहेर ओसरीवर एक गोणपाट आणि एक पाटी ठेवायची. मंडळाचे अध्यक्ष तात्या. त्यांचे पूर्वी ट्रक होते, गावात त्यांचा शब्द चालतो. ते म्हणाले, "कशाला मास्तर उकरून काढता? लोक फिरायला येतात. चार घटका मजेत जाऊ दे त्यांना." मी हट्टाला पेटलो. म्हटलं, "खरी शाळा दाखवायची असेल तर ओसरीसकट दाखवू. नाहीतर माझ्याऐवजी धोतर नेसणारा दुसरा बघा." तात्या नाइलाजानं गप्प बसले. लक्ष्मण राघूची चिठ्ठी डब्यात गेली. हजेरीत ज्याच्या वाट्याला ते नाव येईल, त्यानं "हजर" म्हटलं की मी म्हणायचं, "बाहेर." मग त्यानं तास ओसरीवर बसून काढायचा. मी उंबऱ्याशी जाऊन त्याची पाटी दुरून बघायची. तासानंतर मी रजिस्टर उघडून सगळं सांगायचं.

मला ही युक्ती फार न्यायाची वाटे. जात नव्हे, चिठ्ठी ठरवणार! कुणाच्याही वाट्याला येऊ शकतं! पुण्या-मुंबईची मुलं आधी हसत, मग बाहेर बसलेल्याचं तोंड उतरे, मग वर्ग गप्प होई. एका मुलीच्या आईनं मला लिहिलं होतं की पोरगी घरी येऊन दोन दिवस नीट जेवली नाही. ते पत्र मी चार लोकांना दाखवलं. एवढा मी मोठा समाजसुधारक!

पण चिठ्ठी ही परक्या पोरांतच चिठ्ठी असते. हे मला कळायला हवं होतं. चौतीस वर्षं याच तालुक्यात शिकवून मला ते कळलं नाही.

मागच्या हिवाळ्यात तात्यांनी पर्यटनाच्या कामातल्या एका मोठ्या साहेबांना गाठलं. साहेब शाळा बघायला येणार होते. त्यांना पसंत पडली तर सहलींच्या यादीत आमचं नाव जाणार होतं आणि मुख्य म्हणजे छपराचं काम होणार होतं. मागच्या भिंतीला बोट जाईल एवढी चीर पडलेली. पुढचा पावसाळा इमारत काढेल का नाही, याची खात्री गवंडीही देईना. त्या इमारतीवर माझा जीव आहे. मी तिथेच पहिलीला बसलोय. तात्या आदल्या दिवशी घरी येऊन बजावून गेले, "मास्तर, उद्या कुठं अडखळायचं नाय. पिच्चरसारखं सरळ झालं पायजे." मी म्हटलं, "तात्या, चार वर्षांत अडखळलोय का?"

बाहेरची सहल त्या दिवशी मिळाली नाही म्हणून तात्यांनी जवळच्याच शाळेची सातवी आणली. अठ्ठावीस मुलं, बरोबर एक तरुण मॅडम. आसपासच्या सहा-सात वाड्यांवरची पोरं, एकाच गाडीतून रोज शाळेत जाणारी. त्यात तात्यांचा नातू अथर्व होता. साहेब, तात्या आणि व्हिडिओ काढणारा एक जण असे मागे खुर्च्यांवर बसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच वर्गात इथली पोरं आणि डब्यात ती चिठ्ठी असं एकत्र आलं होतं. मी त्याचा विचारही केला नव्हता. माझं लक्ष छपराकडे.

टोल दिला. डबा फिरला. पोरांनी चिठ्ठ्या उघडल्या. मी टेबलाशी उभा राहून रजिस्टर उघडत होतो आणि सवयीनं नजर वर्गावर होती. अथर्वनं चिठ्ठी वाचली. आजोबांबरोबर येऊन त्यानं हा तास डझनभर वेळा पाहिला होता. पोरांपैकी त्या नावाचा अर्थ फक्त त्यालाच ठाऊक होता. त्याचा चेहरा पडला. त्याच्या उजवी-डावीकडे त्याचे दोन दोस्त मांडीला मांडी लावून बसले होते. त्यांच्याकडे त्यानं पाहिलंही नाही. तो मागे वळला, मागच्या रांगेतल्या एका मुलीच्या हातातली चिठ्ठी ओढून घेतली आणि आपली तिच्या हातात कोंबली. ती "अरे!" म्हणाली आणि तिनं माझ्याकडे पाहिलं.

बारीक अंगाची, दोन वेण्या घट्ट घातलेली मुलगी. चिठ्ठ्या बदलायच्या नाहीत हे मी सुरुवातीला सांगितलं होतं, तेव्हा आता गुरुजी बोलतील अशा खात्रीनं ती बघत होती.

मी खाली रजिस्टरात पाहिलं आणि हजेरी सुरू केली.

का केलं? त्याची उत्तरं मी तेव्हापासून शंभर शोधली. साहेब बसले होते. तात्यांचा नातू होता. तास मध्ये थांबवायचा नाही हा माझाच नियम होता. कदाचित ती मुलगी कुठल्या वाडीची हे मला ठाऊक नाही, असं मी स्वतःला सांगितलं असेन. पण अथर्वला ठाऊक होतं. आणि त्याला ठाऊक आहे, हे मला कळलं होतं.

एकेक नाव घेत मी पुढे सरकत होतो. माझ्या आजोबांचं नाव आलं, एक चष्मेवाला पोरगा "हजर, गुरुजी" म्हणाला. आणखी दोन नावं. मग ते. अजूनही थांबता आलं असतं. आवाज सरावाचा लागला.

"लक्ष्मण राघू."

"हजर, गुरुजी."

"बाहेर."

पुण्याची पोरं या जागी हसतात. इथे कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत कुणीतरी कुणालातरी कोपरानं ढोसलं. तिच्या शेजारच्या मैत्रिणीनं तिचा हात धरला आणि लगेच सोडला. मी काय दाखवतोय हे या पोरांना तासानंतर रजिस्टर उघडून सांगायची गरज नव्हती. त्यांना ते येत होतं. फक्त आजवर शाळेत कुणी मोठ्यानं म्हणून घेतलं नव्हतं, ते मी म्हणून घेतलं.

भिंतीशी उभ्या मॅडम दोन पावलं पुढे आल्या. "गुरुजी, जरा... तिच्याऐवजी दुसऱ्या कुणाला—"

मी छडी टेबलावर आपटली. "वर्गात बोलायचं नाही!"

मॅडम जागच्या जागी थबकल्या. मागून साहेबांचा आवाज आला, "वा! काय वातावरण केलंय!"

ती उठली. पाटी घेतली, दोन रांगांमधून चालत दाराबाहेर गेली आणि गोणपाटावर बसली. रडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती ताठ बसली आणि समोरच्या आंब्याकडे बघत राहिली.

मी लेखन दिलं. दिडकी दहापर्यंत लिहा. वर्गात पेन्सिलींची करकर सुरू झाली. आत फिरून पाट्या पाहिल्या. कुणाची साडेचारला गाडी अडलेली, कुणाची साडेसातला. एरवी मी या ठिकाणी दोन टोमणे मारतो. त्या दिवशी एकही सुचेना. मग उंबऱ्याशी जायची वेळ आली. ते माझ्या तासात ठरलेलं होतं, साहेब त्याचीच वाट बघत होते. उंबऱ्याच्या आत उभा राहून मी म्हणालो, "पाटी दाखव."

तिनं पाटी वर धरली. दारात मी आडवा उभा, त्यामुळे आतल्या कुणाला दिसत नव्हती. तिच्यावर दिडकी नव्हती. स्वच्छ, टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'चिठ्ठी माझी नव्हती.'

चार हातांवर ती, मध्ये उंबरा, पाठीमागे सगळा वर्ग, तात्या, साहेब. मी एक पाऊल टाकलं असतं तर पुरलं असतं.

"पूस," मी म्हणालो. "पुन्हा लिही."

आयुष्यात मी पोरांना मारलंही आहे. त्या काळी सगळेच मारत. त्यातल्या कशाची मला या एका शब्दाइतकी लाज वाटत नाही. तिनं माझ्याकडे नीट बघून घेतलं, फडकं उचललं आणि पाटी पुसली.

मी वळलो तर साहेब व्हिडिओवाल्याला सांगत होते, "त्या मुलीचा एक जवळून घ्या. तोच मुख्य शॉट." तो कॅमेरा घेऊन ओसरीवर गेला. तिनं पाटी तोंडासमोर धरली. तो डावीकडून गेला, तिनं पाटी डावीकडे नेली. उजवीकडून गेला, उजवीकडे. शेवटी तो कंटाळून आत आला.

समोरच्या भिंतीवरच्या घड्याळात अजून बावीस मिनिटं होती. मी वर्गाला म्हणायला लावलं. "एक दिडके दीड! दोन दिडके तीन!" पोरं म्हणत होती, पण आवाज निघत नव्हता. अथर्व मान खाली घालून नुसते ओठ हलवत होता. मी मनाशी हिशोब मांडत होतो: टोल पडला की तिला जवळ बोलवायचं, रजिस्टर दाखवायचं, मोठं भाषण करायचं, सगळं सांभाळून घ्यायचं. चार वर्षं सांभाळत आलोच होतो.

"सहा दिडके नऊ!"

दारातून मला ती दिसली. ती उभी राहिली होती आणि गोणपाटाची घडी घालत होती. एक घडी, मग दुसरी, मग तिसरी. मला वाटलं, ती निघाली. बरंच झालं असंही वाटून गेलं. आता लपवत नाही. घडी तिनं खांबाजवळ टाकली, तिच्यावर चढली, तारेला लटकवलेला दांडा काढला आणि टाचा उंचावून हात वर फेकला. पहिला फटका हुकला. दुसरा नुसता घासला. तिसरा बसला.

टोलाचा आवाज आमच्या गावात खालच्या ओढ्यापर्यंत जातो. तिनं चार ठोके दिले. पाढा नऊवरच थांबला.

तो टोल गोणपाटाशेजारी आहे, हे मी तोवर कधी लक्षात घेतलं नव्हतं. सगळी पोरं आत बसायची. टोल ज्याच्या जवळ असतो तो एकटाच बाहेर.

ती दाराशी आली. उंबऱ्याबाहेर उभी राहिली. दांडा अजून हातातच होता.

"टोल पडला, गुरुजी."

तात्या खुर्चीवरून अर्धे उठले. "अगो पोरी, अजून वेळ हाय. बस तिथंच, झालंच आता. मास्तर, तुमी चालू ठेवा."

तिनं तात्यांकडे बघितलं नाही. "टोल पडला की ज्याचं नाव त्याला परत, असं तुम्ही सांगितलंत. आता माझं नाव घ्या."

मी तोंड उघडलं आणि माझ्या तोंडात नाव नव्हतं. नव्या वर्गात पहिल्या दिवशी सगळ्या पोरांची नावं पाठ करणारा मास्तर अशी माझी ख्याती. या मुलीला मी नाव न विचारता बाहेर बसवलं होतं.

"नाव काय गो तुझं?"

"श्रावस्ती."

"श्रावस्ती," मी म्हणालो.

"हजर."

"आत ये."

ती हलली नाही. "चिठ्ठी कुणाची होती ते आधी सांगा."

साहेबांचा मोबाइल पेटीत गेला नव्हता; तो त्यांनी आता खाली घेतला. मी टोपी काढून टेबलावर ठेवली. टोपी डोक्यावर असताना ते बोलणं जमलं नसतं.

"चिठ्ठी तुझी नव्हती. ती अथर्वला आली होती. त्यानं बदलली. मी ते बघितलं आणि गप्प बसलो."

"मास्तर!" तात्यांचा आवाज चढला. "पोरांचा खेळ हाय तो! तुमी काय बोलताय, कोणासमोर बोलताय? तुमीच म्हटलं होतंत ना, खरं काय होतं ते दाखवायचं? मग?"

"खेळ असता तर त्यानं शेजारच्या दोस्ताशी बदलली असती, तात्या. तो मागे वळला. का वळला ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, या सगळ्या पोरांना माहीत आहे."

अथर्वची मान आणखी खाली गेली आणि त्याचे कान लाल झाले. त्या पोराला मी फारसा दोष देत नाही. पाढे पाठ करून घ्यावे लागतात. हे त्याच्याकडून कुणी पाठ करून घेतलं नव्हतं, तरी त्याला चोख येत होतं. दोष असलाच तर टेबलाशी उभं राहून बघणाऱ्याचा.

मी श्रावस्तीला म्हणालो, "चुकलो मी, बाय. तू बघत होतीस, मी नजर खाली घातली. तुला वाटलं असेल, गुरुजींचं लक्ष नव्हतं—"

"नाय," ती म्हणाली. "तुम्ही बघितलंत, ते मी बघितलं होतं."

ती आत आली. दांडा माझ्या टेबलावर ठेवला, त्याच्याशेजारी मुठीत चुरगळलेली चिठ्ठी ठेवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. तिच्या मैत्रिणीनं पुन्हा तिचा हात धरला, या वेळी सोडला नाही.

साहेब चहा न घेताच गेले. आमचं नाव त्या यादीत आलं नाही. छपरावर निळी ताडपत्री टाकून यंदाचा पावसाळा काढला. तात्या दोन महिने माझ्याशी बोलले नाहीत. मग मंडळात म्हणाले, गोणपाट काढून टाका, वाद नको. मी पुन्हा नाही म्हटलं. या वेळी पहिल्यासारखं छाती पुढे काढून म्हणता आलं नाही, पण म्हटलं.

डब्यातून मात्र ती चिठ्ठी मी काढली. आता लॉटरी नाही. हजेरीत ते नाव मीच घेतो आणि थांबतो. कुणी "हजर" म्हणत नाही. वर्ग इकडेतिकडे बघतो, दाराकडे बघतो, रिकाम्या गोणपाटाकडे बघतो. कधी कुणी पोर आपणहून उठतं आणि विचारतं, "मी बसू का?" त्याला मी बसू देतो. पण आधी नाव विचारतो, त्याचं स्वतःचं.

श्रावस्ती पुन्हा आली नाही. मॅडमकडून कळलं की त्यांच्या शाळेत तास संपल्याचा टोल आता तीच देते. मी जाऊन भेटावं असं बरेचदा मनात आलं, आणि दर वेळी वाटलं, माफी मागून मला मोकळं व्हायचंय, तिला त्यात काय मिळणार?

एवढं एक काम मात्र केलं. शिडी लावली, वाशाची तार सोडवली आणि टोल दोन वीत खाली घेतला. गोणपाटावर बसलेल्या पोरानं नुसतं उभं राहून हात वर केला तरी पोचेल, इतका.